फाइल हलवावी, दुवा तुटू नये

स्कॅन केलेल्या ग्रंथांचा संग्रह काही वर्षांचा झाला की त्याच्या फाइली हलवण्याची वेळ येतेच. डिस्क भरते, सर्व्हर जुना होतो, संस्थेचे संकेतस्थळ नव्या कंत्राटदाराकडे जाते, किंवा ‘स्कॅन १’, ‘नवीन’, ‘नवीन फायनल’ अशा फोल्डरांत साठलेला पसारा कोणीतरी एकदाचा विषयवार लावायला घेतो. फाइली सुखरूप नव्या जागी पोहोचतात, एकही पान गहाळ होत नाही. तरीही प्रबंधांच्या तळटीपांत, विकिपीडियावरच्या संदर्भांत आणि ग्रंथालयाच्या स्वतःच्याच तालिकेत दिलेल्या दुव्यांवर टिचकी मारली की ‘४०४’ एवढेच उत्तर येते. ग्रंथ संस्थेकडे आहे, पण वाचकाच्या बाजूने पाहिले तर तो हरवलाच.

हा त्रास केवळ छोट्या संस्थांचा नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या वेबदुव्यांपैकी सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नाहीत, असे हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. नष्ट झालेल्या मजकुराला इलाज नाही. नुसत्या हललेल्या मजकुराला मात्र आहे, आणि या लेखाचा विषय तेवढाच आहे: डिजिटल ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइली हलवायच्या, पण दुवे शाबूत ठेवायचे, यासाठी आज काय उपलब्ध आहे आणि ते कितपत भरवशाचे आहे.

जागा आणि ओळख

ग्रंथालयांना हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात बहुतेक ग्रंथालयांत ग्रंथाचा क्रमांक म्हणजेच त्याची जागा असे: अमुक कपाट, अमुक फळी, फळीवरचा अमुक ग्रंथ. कपाटे हलली की क्रमांक बदलायचे. मेल्विल ड्युई यांच्या १८७६ च्या वर्गीकरणाने ही स्थिर जागेची पद्धत मोडीत काढली. क्रमांक फळीचा न राहता विषयाचा झाला. शिवाय आपल्या लहानशा वाचनालयातही दाखलनोंद रजिस्टर असते. ग्रंथ आला की त्याला दाखल क्रमांक पडतो. पुढे ग्रंथ बांधणीला जावो, दुसऱ्या इमारतीत जावो, त्याचा वर्गांक बदलो, दाखल क्रमांक तोच राहतो. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालय सतत वाढते असे बजावते. जे वाढते तिथे वस्तू हलणारच, हे त्यात गृहीतच आहे.

डिजिटल संग्रह उभारताना मात्र अनेक ठिकाणी आपण पुन्हा ड्युईपूर्व काळात गेलो. ड्राइव्ह, फोल्डर, उपफोल्डर आणि फाइलचे नाव मिळून होणारा मार्ग हीच फाइलची ओळख मानली गेली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ओळख आणि जागा यांच्या मध्ये एखादी नोंदवही असते, तिथे फाइल हलवली तर नोंदवहीतली एक ओळ बदलते. जिथे ती नसते, तिथे त्या फाइलकडे जाणारा प्रत्येक दुवा शोधून बदलावा लागतो. पुढे ज्या साधनांचा आढावा घेतला आहे, त्यांना लावण्याची कसोटी हीच.

दुव्यांचे चार थर

‘दुवा तुटला’ हे एकच वाक्य चार वेगवेगळ्या बिघाडांसाठी वापरले जाते. पहिला थर सॉफ्टवेअरच्या पोटातला: डेटाबेसमधली नोंद डिस्कवरच्या फाइलपर्यंत पोहोचते की नाही. दुसरा फाइलींच्या आपसातला: एचटीएमएल पानातून चित्रांकडे, खंडाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणांकडे. तिसरा तालिकेतून फाइलीकडे जाणारा. कोहा हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ग्रंथालयांत मार्क नोंदीच्या ८५६ या क्षेत्रात स्कॅन प्रतीचा पत्ता भरलेला असतो, तो या थरातला. चौथा बाहेरच्या जगाने आपल्याकडे दिलेला दुवा: छापील पुस्तकातली तळटीप, दुसऱ्या विद्यापीठाची संदर्भसूची, वाचकाने कोणाला पाठवलेला संदेश.

पहिले तीन थर संस्थेच्या हातात आहेत. चुकले तर शोधून दुरुस्त करता येतात. चौथ्या थरावर कोणाचाच ताबा नाही. छापलेली तळटीप पुन्हा छापता येत नाही. म्हणून स्थलांतराचे यश मोजायचे ते चौथ्या थरावर. सॉफ्टवेअर पुरवणारे मात्र बहुधा पहिल्या थराची हमी देतात आणि काम झाले असे सांगतात. पुष्कळ घोटाळ्यांचे मूळ या फरकात आहे.

ग्रीनस्टोन: ओळखीचे अनेक प्रकार

न्यूझीलंडमधील हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठात इयन विटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले ग्रीनस्टोन हे मुक्त सॉफ्टवेअर युनेस्को आणि ह्यूमन इन्फो या बेल्जियममधील संस्थेच्या साहाय्याने विकसनशील देशांत पोहोचले. भारतातही अनेक ग्रंथपालांनी डिजिटल संग्रहाचे पहिले धडे त्यावरच गिरवले. आपल्या प्रश्नासाठी ते विशेष उद्बोधक आहे, कारण फाइलची ओळख कशावरून ठरवायची हा निर्णय ते उघडपणे संग्रह उभारणाऱ्यावर सोपवते.

ग्रीनस्टोनमध्ये प्रत्येक संग्रहाचे एक ‘इम्पोर्ट’ फोल्डर असते. मूळ फाइली त्यात ठेवायच्या. आयात करताना सॉफ्टवेअर त्या वाचते, प्रत्येकीला ओळख-क्रमांक देते, तिचे एक्सएमएल रूप आणि मूळ फाइलची प्रत ‘आर्काइव्ह्ज’ फोल्डरमध्ये ठेवते, आणि मग शोधसूची बांधते. वाचकाला दिसते ते या बांधणीतून तयार झालेले रूप. त्यामुळे ‘इम्पोर्ट’मधील फाइल हलवली तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघडते ते पुढची बांधणी केली जाते तेव्हा. हा मधला काळ फसवा असतो. फोल्डर लावणारा एक, काही महिन्यांनी बांधणी करणारा दुसरा, आणि तुटलेल्या दुव्यांचे कारण कोणालाच उमगत नाही.

पुढच्या बांधणीत दुवे टिकतात की नाही, हे ओळख-क्रमांकाच्या निवडलेल्या प्रकारावर अवलंबून असते. मूळ ठरलेला प्रकार ‘हॅश’ हा आहे. फाइलमधल्या मजकुरावरूनच गणिताने क्रमांक काढला जातो. फाइल कोणत्याही उपफोल्डरमध्ये नेली तरी मजकूर तोच असल्याने क्रमांक तोच येतो आणि दुवा वाचतो. पण तीच पीडीएफ पुन्हा स्कॅन केली, तिला ओसीआरचा मजकूर जोडला, किंवा एक वाकडे पान सरळ केले, की क्रमांक बदलतो. म्हणजे जागा बदलणे चालते, सुधारणा चालत नाही. पूर्ण मार्गावरून क्रमांक काढणारा प्रकार याच्या नेमका उलट: मजकूर सुधारा, दुवा टिकतो, फोल्डरचे नाव बदला, दुवा गेला. ‘क्रमवार’ प्रकारात फाइल ज्या क्रमाने वाचली गेली तो आकडा मिळतो. तो झटपट होतो, पण नव्याने आयात करताना एक फाइल मध्येच वाढली तरी पुढच्यांचे आकडे सरकू शकतात. तेव्हा दुवा तुटत नाही, भलत्याच ग्रंथावर उघडतो, आणि हे तुटण्यापेक्षा वाईट. फोल्डरच्या नावावरून ओळख देणारा प्रकार एका फोल्डरमध्ये एकच ग्रंथ असेल तरच चालतो, आणि तेही फोल्डरचे नाव कोणी बदलत नाही तोवर.

उरतो तो ‘नेमून दिलेला’ प्रकार. यात संग्राहकाने मेटाडेटामध्ये स्वतः भरलेला क्रमांक ओळख म्हणून वापरला जातो. दाखल क्रमांकच इथे भरला तर फाइल हलवा, नाव बदला, मजकूर सुधारा, दुवा कायम राहतो. सर्व प्रकारांत दीर्घकाळासाठी योग्य असा हाच एक. त्यात एक खाच मात्र आहे. ग्रीनस्टोनमध्ये हा मेटाडेटा फाइलच्या आत नसतो. तो त्याच फोल्डरमधल्या ‘मेटाडेटा.एक्सएमएल’ या वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि फाइलच्या नावावरून जोडला जातो. विंडोजच्या एक्सप्लोररने एकटी पीडीएफ उचलून दुसरीकडे ठेवली तर मेटाडेटा मागेच राहतो, क्रमांक सापडत नाही आणि सॉफ्टवेअर गुपचूप हॅशकडे वळते. पूर्ण फोल्डर मेटाडेटासकट हलवले, किंवा ग्रीनस्टोनच्या स्वतःच्या ‘लायब्रेरियन इंटरफेस’मधून हलवाहलव केली, तर हा अपघात टळतो. एचटीएमएल पाने आणि त्यांची चित्रे यांनाही हाच नियम लागू: जे एकमेकांकडे निर्देश करते ते एकत्रच हलवायचे.

डीस्पेस: जागा लपवण्याचे धोरण

एमआयटीची ग्रंथालये आणि ह्यूलेट-पॅकार्डची प्रयोगशाळा यांनी २००२ मध्ये आणलेल्या डीस्पेसने वेगळा मार्ग घेतला. इथे फाइल चढवली की तिचे मूळ नाव फक्त डेटाबेसमध्ये राहते. डिस्कवर ती ‘ॲसेटस्टोअर’ नावाच्या भांडारात ३८ अंकी संख्येच्या नावाने ठेवली जाते, आणि त्या संख्येच्या सुरुवातीच्या दोन-दोन अंकांवरून तीन पातळ्यांची उपफोल्डरे होतात. माणसाने तिथे जाऊन ‘जरा आवरून ठेवू’ म्हणावे असे काही उरतच नाही. जागा दिसतच नसल्याने कोणी तिच्यावर दुवा बांधत नाही. भांडार दुसऱ्या डिस्कवर न्यायचे तर ते जसेच्या तसे उचलायचे आणि मांडणीच्या फाइलमध्ये नवा मार्ग लिहायचा. एका भांडारातून दुसऱ्यात, उदाहरणार्थ क्लाउडवर, फाइली नेण्यासाठी वेगळी आज्ञाही आहे. प्रत्येक फाइलची तपासबेरीज (चेकसम) डेटाबेसमध्ये असल्याने हलवताना एखादी फाइल खराब झाली तर ते कळते.

याला एक अपवाद आहे. खूप मोठ्या फाइली भांडारात न घेता, आहेत त्या जागीच ठेवून त्यांची फक्त नोंद करण्याची सोय डीस्पेसमध्ये आहे. अशा फाइलींचा मार्गच नोंदला जातो. त्या हलवल्या की पहिल्याच थरावर दुवा तुटतो. दृक्श्राव्य संग्रहांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

डीस्पेसची बाहेरच्या जगाला दिलेली ओळख म्हणजे ‘हँडल’. रॉबर्ट कान यांच्या अमेरिकेतील सीएनआरआय संस्थेत १९९० च्या दशकात ही पद्धत घडली. संस्थेला एक उपसर्ग मिळतो, प्रत्येक नोंदीला त्यापुढे क्रमांक मिळतो आणि जागतिक निवारक सेवा त्या क्रमांकाला आजच्या पत्त्याकडे नेते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या ‘शोधगंगा’ या प्रबंध-भांडाराचा उपसर्ग १०६०३ आहे. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर येथील विद्यापीठांचे प्रबंध त्याच क्रमांकाखाली सापडतात. उद्या शोधगंगेचा सर्व्हर किंवा संकेतस्थळाचे नाव बदलले तरी निवारकाकडे नवा पत्ता नोंदवला की जुना हँडल चालू राहील.

डीस्पेस बसवले म्हणजे हे आपोआप मिळते, असा मात्र समज पसरलेला दिसतो. मूळ बांधणीत डीस्पेसला १२३४५६७८९ हा नमुन्याचा उपसर्ग असतो. अनेक महाविद्यालयांच्या भांडारांत आजही दुव्यात तोच आकडा दिसतो. याचा अर्थ उपसर्गाची नोंदणी झालीच नाही. त्या दुव्याला हँडलचे रूप आहे, पण मागे कोणतीही निवारक सेवा नाही. अशा भांडाराचे संकेतस्थळ बदलले की सगळे ‘कायमचे’ दुवे एकदम निकामी होतात.

डिस्कवरच नोंदवही: फेडोरा आणि ओसीएफएल

डीस्पेसच्या धोरणात एक धोका आहे. डेटाबेस गेला तर ३८ अंकी नावांच्या फाइलींच्या ढिगाऱ्यातून कोणता ग्रंथ कोणता, हे सांगणे कठीण. या धोक्याला उत्तर म्हणून ‘ऑक्सफर्ड कॉमन फाइल लेआउट’ (ओसीएफएल) ही मांडणी पुढे आली. तिची पहिली आवृत्ती २०२० मध्ये ठरली आणि २०२१ मध्ये आलेल्या फेडोरा ६ या भांडार-सॉफ्टवेअरने ती स्वीकारली. यात प्रत्येक वस्तूचे एक फोल्डर असते आणि त्यातच एक यादी-फाइल असते. वस्तूची ओळख, तिच्या प्रत्येक आवृत्तीतल्या फाइली, त्यांच्या तपासबेरजा आणि वस्तूच्या फोल्डरच्या आतले सापेक्ष मार्ग त्या यादीत लिहिलेले असतात. मार्ग सापेक्ष असल्याने आख्खे भांडार कुठेही नेले तरी यादी खोटी ठरत नाही. सॉफ्टवेअर बदलले, डेटाबेस उडाला, तरी डिस्कवरच्या मजकुरातून संग्रह पुन्हा उभा करता येतो. तत्त्व म्हणून आज उपलब्ध असलेल्या मांडण्यांत ही सर्वांत भक्कम. अडचण एवढीच की ती चालवायला जाणकार माणूस लागतो आणि लहान संस्थांकडे तो नसतो.

टेबलावरचे संग्रह: कॅलिबर आणि झोटेरो

अभ्यासक आणि छोटी वाचनालये बहुधा वैयक्तिक साधनेच वापरतात. भारतीय संगणकतज्ज्ञ कोविद गोयल यांनी सुरू केलेले कॅलिबर हे त्यातले सर्वांत परिचित. कॅलिबर प्रत्येक ग्रंथ लेखकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये, शीर्षक आणि अंतर्गत क्रमांक असलेल्या उपफोल्डरमध्ये ठेवते आणि सर्व नोंदी एका डेटाबेस फाइलमध्ये लिहिते. मार्ग ग्रंथसंग्रहाच्या मूळ फोल्डरपासून मोजलेले असतात, म्हणून पूर्ण संग्रह दुसऱ्या डिस्कवर नेणे सोपे आहे. आत शिरून एखादे फोल्डर हाताने हलवले किंवा त्याचे नाव बदलले तर मात्र नोंद आणि फाइल यांची ताटातूट होते. उलटही खरे: कॅलिबरमध्ये शीर्षकाची दुरुस्ती केली की ते फोल्डरचे नाव स्वतः बदलते. कोणी त्या फोल्डरकडे थेट दुवा दिला असेल तर तो तुटतो. कॅलिबर घरासाठी उत्तम, पण त्याच्या फोल्डरांना संकेतस्थळावरून थेट दुवे देऊ नयेत.

झोटेरो संदर्भांसोबतच्या फाइली यादृच्छिक आठ अक्षरी नावांच्या फोल्डरांत ठेवते. डीस्पेसचेच धोरण, लहान प्रमाणावर. ज्यांना फाइली स्वतःच्या फोल्डरांत ठेवून फक्त दुवा जोडायचा असतो, त्यांच्यासाठी ‘मूळ फोल्डर’ नेमण्याची सोय आहे. ते एकदा नेमले की त्याखालचे मार्ग सापेक्ष लिहिले जातात आणि संगणक बदलला तरी एका जागी नवे मूळ फोल्डर दाखवून काम भागते. ही सोय असते हे पुष्कळ वापरकर्त्यांना दुवे तुटल्यावरच कळते.

देवनागरी नावांचा पेच

मराठी संग्रहांपुढे एक जादा अडचण आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथाची फाइल त्याच नावाने ठेवली आहे असे समजू. या शीर्षकातला ‘ऱ्या’ संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: खास ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावे आहेत. त्याशिवाय ‘ऱ’ हे एकच अक्षर युनिकोडमध्ये अखंड किंवा ‘र’ अधिक नुक्ता असे दोन भागांत साठवता येते, आणि मॅकची जुनी फाइलप्रणाली नावे ठेवताना ती अशी फोडूनच ठेवत असे. त्यामुळे विंडोजवरून मॅकवर आणि तिथून लिनक्सच्या सर्व्हरवर प्रवास केलेली फाइल डोळ्यांना तीच दिसते आणि दुवा मात्र ती सापडत नाही म्हणतो. शीर्षक ‘असूड’ लिहायचे की ‘आसूड’, हा प्रश्न त्यावर आणखी वेगळा.

लांबीचाही प्रश्न आहे. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असल्याने ८५ चिन्हांतच नाव संपते, आणि काना, मात्रा, वेलांट्याही चिन्हांतच धरायच्या. वेबपत्त्यात तर प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे छोटेसे नावही १२९ अक्षरांचे होते. ग्रीनस्टोन अशी नावे आयात करताना सांकेतिक रूपात बदलते आणि कॅलिबर त्यांचे रोमन लिप्यंतर करते. दोन्ही उपाय यंत्राच्या सोयीचे आहेत. त्यातच विंडोजला रोमन लिपीतली लहान-मोठी अक्षरे सारखी आणि लिनक्सला वेगळी, हा जुना फरक भर घालतो. निष्कर्ष सरळ आहे: शीर्षक मेटाडेटामध्ये शुद्ध देवनागरीत असावे आणि फाइलच्या नावात फक्त आकडे असावेत. यात मराठीचा कमीपणा नाही. शीर्षकाने ओळख देण्याचे ओझे फाइलनावावर टाकणे इंग्रजीतही चूकच आहे.

जगाला दिलेला पत्ता

चौथ्या थरासाठी गेल्या तीस वर्षांत अनेक ओळख-पद्धती आल्या. ओहायोच्या ओसीएलसीने १९९५ मध्ये ‘पर्ल’ सुरू केली. कायमचा वाटावा असा एक पत्ता घ्यायचा आणि तो आजच्या पत्त्याकडे वळवायचा. २०१६ मध्ये ही सेवाच ओसीएलसीकडून इंटरनेट आर्काइव्हकडे गेली, म्हणजे दुवे सांभाळणाऱ्याचेच स्थलांतर झाले, आणि ते पत्ते न बदलता झाले. ‘डीओआय’साठी १९९८ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. ही पद्धत हँडलवरच उभी आहे. तिला २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचा दर्जा मिळाला आणि नियतकालिकांच्या जगात ती रुजली. तिला खर्च आहे आणि मेटाडेटा अद्ययावत ठेवण्याचे बंधनही. कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीत २००१ मध्ये सुरू झालेली ‘आर्क’ ही पद्धत विनाशुल्क आहे. संस्थेने एक क्रमांक मागून घ्यायचा आणि पुढचे स्वतः पाहायचे. खर्चाचा विचार करता मराठी संस्थांना आर्क सर्वांत परवडणारी आहे, आणि तरी आपल्याकडे तिचे नावही फारसे ऐकू येत नाही.

यांपैकी काहीच नसले तरी साधा वेबपत्ता टिकवता येतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात. आणि पत्त्यात विषय, विभाग, सॉफ्टवेअरचे नाव अशा बदलणाऱ्या गोष्टी घालू नयेत. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, पण त्याच्या संकेतस्थळाचा मूळ पत्ता तोच ठेवला गेला. याच शहाणपणाची गरज असते. पत्ता बदलणे अटळच असेल तर सर्व्हरवर ‘३०१’ म्हणजे ‘कायमचे हलले’ हा संकेत प्रत्येक जुन्या पत्त्यासाठी त्याच्या नेमक्या नव्या पत्त्याकडे लावायचा. सगळे जुने दुवे मुखपृष्ठाकडे वळवणे ही सर्रास दिसणारी पळवाट आहे. त्याने ४०४ दिसत नाही, पण ग्रंथही मिळत नाही.

घडलेली स्थलांतरे

भारतीय संदर्भात सर्वांत मोठा धडा ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चा. कार्नेगी मेलनचे राज रेड्डी यांच्या दशलक्ष ग्रंथ प्रकल्पातून आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागातून लाखो ग्रंथ स्कॅन झाले. त्यांत मराठी ग्रंथही मोठ्या संख्येने होते. पुढे मूळ संकेतस्थळ बंद पडले आणि तिथले थेट दुवे निकामी झाले. ग्रंथ वाचले ते इंटरनेट आर्काइव्हवर, आणि तिथे त्यांच्या ओळखीत ‘इन.अर्नेट.डीएलआय.२०१५’ या अक्षरांपुढे प्रकल्पाचा क्रमांक आहे. क्रमांक टिकल्यामुळे जुन्या नोंदीवरून ग्रंथ शोधता येतो. शीर्षके अशुद्ध रोमन लिपीत असल्याने केवळ नावावर शोधणाऱ्याची मात्र दमछाक होते.

इंटरनेट आर्काइव्हची स्वतःची व्यवस्थाही अभ्यासण्यासारखी आहे. प्रत्येक वस्तूला एक न बदलणारे नाव असते. वस्तू प्रत्यक्षात कोणत्या सर्व्हरवर आहे हे सतत बदलत असते आणि मागणी आली की त्या क्षणीच्या सर्व्हरकडे वळवले जाते. जे वाचक वळवल्यानंतर दिसणारा सर्व्हरचा पत्ता नकलून ठेवतात त्यांचे दुवे तुटतात, मूळ पत्ता ठेवणाऱ्यांचे टिकतात.

मराठी विकिस्रोतावर याच प्रश्नाचे निराळे रूप दिसते. तिथे ग्रंथाची अनुक्रमणिका आणि त्याचे प्रत्येक पान फाइलच्या नावावरच बांधलेले असते. विकिमीडिया कॉमन्सवर फाइलचे नाव बदलले की जुन्या नावावर पुनर्निर्देशन राहते, पण विकिस्रोतावरची अनुक्रमणिका आणि शेकडो पाने नव्या नावावर न्यावी लागतात. स्वयंसेवक हे काम सांगकाम्यांकडून (बॉटकडून) करून घेतात. ओळख नावात गुंतवली की नंतर ती सोडवायला किती श्रम पडतात, याचे हे उदाहरण.

हलवण्याची रीत

या सगळ्यातून जी कार्यपद्धती निघते ती फार अवघड नाही. आधी यादी करावी: प्रत्येक फाइलचा मार्ग, आकार, तपासबेरीज आणि ओळख-क्रमांक. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सहभागातून घडलेली ‘बॅगइट’ ही पद्धत हेच काम प्रमाणित रीतीने करते आणि तिची साधने मोफत मिळतात. मग जुना मार्ग आणि नवा मार्ग असा दोन स्तंभांचा तक्ता करावा. तो तक्ता हीच संस्थेची खरी ठेव आहे. पुढच्या स्थलांतरातही तो लागतो, म्हणून काम झाले की टाकून देऊ नये. फाइली ‘कट-पेस्ट’ न करता नकलून न्याव्यात, तपासबेरजा जुळवाव्यात आणि जुनी प्रत काही महिने तशीच ठेवावी. सॉफ्टवेअरच्या अंगणातल्या फाइली सॉफ्टवेअरकरवीच हलवाव्यात. तक्त्यावरून ३०१ संकेत तयार करावेत आणि तालिकेतले ८५६ क्षेत्र एकगठ्ठा बदलून घ्यावे. शेवटी सर्व्हरच्या नोंदींत ४०४ कुठे कुठे येत आहे ते पुढचे काही महिने पाहत राहावे. आपल्या लक्षात न आलेले दुवे वाचकच तिथे दाखवून देतात. जुन्या संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण थांबवू नये. त्या छोट्या खर्चावर हजारो तळटीपा उभ्या असतात.

उरलेले प्रश्न

दोन प्रश्न तंत्राने सुटलेले नाहीत. पहिला, दुवा टिकला पण मजकूर बदलला तर काय? संशोधकाने पाहिलेली आवृत्ती आणि आज उघडणारी आवृत्ती वेगळी असू शकते. आवृत्त्या जपणाऱ्या मांडण्या, जसे ओसीएफएल, याला उत्तर देतात, पण दुव्यात आवृत्ती दाखवण्याची सवय अजून लागलेली नाही. जी वस्तू काढून टाकली तिच्या जागी ‘अमुक कारणाने काढली’ एवढे सांगणारे पान ठेवण्याची सवयही तशीच. दुसरा प्रश्न संस्थेचा आहे. हँडल, डीओआय, आर्क यांतले कोणतेही चिन्ह स्वतःहून कायमचे नसते. कोणीतरी त्याचा पत्ता वेळच्या वेळी अद्ययावत करतो म्हणून ते चालते. नमुन्याच्या उपसर्गावर चाललेली भांडारे दाखवतात की सॉफ्टवेअर चांगले असूनही ही जबाबदारी कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हती.

म्हणून या आढाव्याचा निवाडा असा: मोठ्या संस्थेने नोंदणीकृत हँडल किंवा आर्क घ्यावा आणि तो सांभाळण्याचे काम एका पदाकडे लेखी सोपवावे. ग्रीनस्टोन वापरणाऱ्याने नेमून दिलेली ओळख निवडावी आणि तीत दाखल क्रमांक भरावा. ज्याच्याकडे यातले काही नाही त्याने निदान फाइलनावात आकडे, मेटाडेटामध्ये देवनागरी आणि जुन्या-नव्या मार्गांचा तक्ता एवढे तरी करावे. आपल्या संग्रहाची फोल्डरे लावायला घेण्याआधी प्रत्येक ग्रंथाला स्वतःचा क्रमांक आहे का आणि वाचकांना दिलेल्या दुव्यात तोच क्रमांक आहे का, हे ग्रंथपालांनी आधी पाहावे. नसेल तर ते काम आधी करावे, हलवाहलव नंतर.